मार्था पलटणीचा बिल्ला

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी आवडीने वाचतो, पण आजवर त्यातला एकही मला पटलेला नाही. दर वेळी वाटतं, लिहिणाऱ्याचं काहीतरी तपासायचं राहून गेलं असणार. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं मी म्हणणार नाही. तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मी नोकरी करतो. आलेला माल कागदावर लिहिल्याप्रमाणे आहे की नाही हे बघणं, हेच माझं रोजचं काम. त्यामुळे पुढची हकीकत लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय. पण ती एकट्याने डोक्यात घेऊन फिरायचा आता कंटाळा आलाय... कुणाला काही सुचलं तर सुचेल, म्हणून लिहितो.

मला जुन्या लष्करी वस्तू जमवायचा नाद आहे. पदकं, टोप्यांवरची चिन्हं, पट्ट्यांची बकलं. संग्रह म्हणण्याइतकं काही नाही, बोईसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये कपाटाचे दोन कप्पे. बायको त्याला भंगार म्हणते, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच वेळा तिचंच बरोबर निघतं.

हा नाद लागला तो एका बिल्ल्यामुळे. आमचं गाव सफाळ्याच्या आतल्या बाजूला. माझे पणजोबा, गणपत त्यांचं नाव, पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. बसऱ्याला, म्हणजे आजच्या इराकात गेले, जिवंत परत आले, पुढे आयुष्यभर भातशेती केली. त्यांना सरकारचं चांदीचं पदक मिळालं होतं. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला माणूस. घरात सगळे त्याला ‘घोडेवाला बिल्ला’ म्हणत. मी लहान असताना दारावर भांडीवाली आली, तेव्हा आईने फुटक्या तांब्या-पितळेबरोबर तो काळा पडलेला बिल्लाही मोडीत घातला आणि स्टीलचा डबा घेतला. आईला दोष देत नाही. तिला ते कथील वाटलं, आणि मला शाळेत न्यायला डबा नव्हता.

हे ऐकून खरं वाईट वाटलं ते माझ्या आत्याला. म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीला. लहानपणी तो बिल्ला राखेने घासायचं काम तिचं होतं, आणि म्हाताऱ्याने “माज्या मागं ह्यो तुजा” असं तिला सांगून ठेवलं होतं. पण आईला ती एक शब्द बोलली नाही. “गेला काय?” एवढंच म्हणाली.

आत्याबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि तो तिच्यामुळे. कॉलेज पालघरला, आत्या दिलेली उमरोळीला, पालघरच्या पुढचंच स्टेशन. “पोरगा माज्याकडं राहील,” असं तिनेच वडिलांना सांगितलं आणि बी.एस्सी. होईपर्यंत मी तिच्या हातची भाकरी खाल्ली. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. मी अभ्यासाला बसलो की ती समोर वाल सोलत बसायची आणि म्हणायची, “मोट्यानं वाच.” इंग्रजीतलं केमिस्ट्रीचं पुस्तक मी तिला मोठ्याने वाचून दाखवलेलं आहे. नोकरी लागल्यावर मी विचारलं, “आत्या, तुला काय आणू?” मला वाटलं, साडी म्हणेल. ती म्हणाली, “गावला तर माज्या आज्याचा बिल्ला बग.”

तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

मोडीत गेलेली चांदी वितळून गेली असणार, हे मला कळत होतं. पण अशी पदकं कधीकधी वाचतात. भांडीवाल्यांकडून मोठ्या भंगारवाल्याकडे, तिथून जुन्या वस्तू विकणाऱ्यांकडे येतात. आणि या पदकाच्या कडेवर सैनिकाचं नाव ठोकलेलं असतं, त्यामुळे सापडलं तर ओळखता येतं. म्हणून मी शोधू लागलो. शोधताना बाकीचं घेऊ लागलो, आणि घेताना फसू लागलो.

या धंद्यात किती फसवाफसवी चालते, हे बाहेरच्याला खरं वाटणार नाही. रिबन चहाच्या पाण्यात बुडवून जुनी करतात. पितळेचं होकायंत्र गेल्या महिन्यात बनवतात, त्यावर लंडनचं नाव घालतात आणि मिठाच्या ओल्या मातीत पुरून ठेवतात. चांदीचा मुलामा दिलेल्या नक्कल पदकाला गंधकाच्या पाण्याने काळं करतात. तो वास मला लगेच येतो, लॅबमधल्या नोकरीचा तेवढा फायदा. आणि वस्तूबरोबर एक गोष्ट विकतात — अमक्या सुभेदाराची विधवा, घरात खायला नाही, डोळ्यांत पाणी... गोष्ट जेवढी चांगली तेवढी वस्तू खोटी, हे मला फार उशिरा कळलं.

त्यातला सगळ्यात महत्त्वाचा धडा म्हणजे, आपण कुणाचं पदक शोधतोय ते विकणाऱ्याला कधी सांगायचं नाही. सांगितलं की ते सापडतंच. कोऱ्या नकलेच्या कडेवर हवं ते नाव कोरून देणारे आहेत. म्हणून मी आत्याला समजावलं होतं, “तुला त्या बिल्ल्याची एखादी खूण आठवत असेल, ओरखडा, चीर, काहीही, तर ती कुणाला सांगू नकोस. तुझ्या मुलाला नको, मलाही नको. उद्या कुणी बिल्ला घेऊन आला तर त्याच्यात ती खूण आहे की नाही, तू बघ. नसली तर खोटा.”

आत्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “हाय एक. नाय सांगत.”

ही शिकवण तिने पाळली. पाळली नाही ती बाळादादाने. बाळादादा म्हणजे आत्याचा मुलगा. उमरोळीत त्याचं झेरॉक्स-मोबाइल रिचार्जचं दुकान आहे, माणूस मनाने सोन्यासारखा. आईचा बिल्ला आपणच शोधावा असं त्याला एक दिवस वाटलं आणि त्याने जुन्या वस्तूंच्या एका ग्रुपवर सरळ मेसेज टाकला. इंग्रजीत. ‘वॉन्टेड मेडल — सिपॉय गणपत, मार्था पलटण.’ मराठा टाइप केलं होतं, पण मोबाइलने आपल्या अकलेने त्याचं मार्था केलं. M-A-R-T-H-A.

“दादा, ही मार्था कोण?” मी विचारलं.

“आसंल कोनतरी पणजोबांची बसऱ्याची,” तो म्हणाला. “तू उगाच चुका काडू नको, साहेब. लोकांना समजतंय.”

लोकांना समजलं. काही दिवसांतच वसईकडचा एक माणूस बिल्ला घेऊन उमरोळीला हजर. मी ड्यूटीवर होतो. आत्याने बिल्ला हातात घेतला, नातसुनेला म्हणाली, काठावर काय लिवलाय ते वाच. तिने वाचलं — सिपॉय गणपत. आत्याने बिल्ला परत केला. “ह्यो नाय. तुजा तू घेऊन जा.” नंतर आणखी एकाने फोटो पाठवले. तेही तसंच. “काय लिवलाय?” “गणपत.” “नाय.”

मला तेव्हा बरं वाटलं की आत्या फसत नाही. तिची खूण बहुतेक नावाच्या स्पेलिंगमध्ये असेल, असा मी अंदाज केला आणि पुढे विचारलं नाही.

तिसरा बिल्ला आला तो राजूशेठकडून. राजूशेठचं खरं नाव वेगळं आहे. बेटेगावला त्याचं गोडाऊन आहे. जुने टेलिफोन, जहाजांचे कंदील, तुटके पंखे आणि त्यांच्यामधे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तो. माझा अनेक वर्षांचा ओळखीचा. मला त्याने एकदा टिपू सुलतानच्या काळातली तलवार दाखवली होती, तिच्या मुठीला फेविकॉल ओला होता. तरी आमचं बरं होतं. चहा पाजायचा.

“साहब, आपके दादाजी का मेडल मिल गया,” त्याचा फोन आला.

“परदादा.”

“वही. ओरिजिनल है. भिवंडी की एक विधवा —”

“विधवा राहू दे राजूशेठ. मी येतो.”

गेलो. दुपार होती, गोडाऊनचा पत्रा तापलेला. बिल्ला हातात घेतल्याघेतल्या गंधकाचा वास आला. वजन कमी. घोड्याच्या पायाजवळ मुलामा घासला गेला होता आणि खालून पिवळं दिसत होतं. भिंग लावून कड बघितली. खऱ्या पदकावर अक्षरं ठोकलेली असतात, ठशाने आत दबलेली. ही मशीनने कोरलेली होती, कडा धारदार. आणि मजकूर होता — सिपॉय केरू, मार्था पलटण.

मी हसलो. हसू आवरेना. बाळादादाच्या मोबाइलची चूक त्यांनी चांदीवर — म्हणजे पितळेवर — कोरली होती. M-A-R-T-H-A. बिल्ला कुठून बनून आला याचा यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे? आणि वर नाव पण दुसऱ्याचंच. मला वाटलं, दुसऱ्या कुणाच्या ऑर्डरमधलं नाव यात मिसळलं असेल.

“राजूशेठ, नाव तरी नीट टाकायचं.”

“नाम तो सही है साहब, जो आपके भाई ने भेजा वही है,” तो म्हणाला. चष्मा त्याने शोधला नाही, कड बघितली नाही. “ले जाओ, माताजी को दिखाओ. पसंद आये तो बात करेंगे.”

मी तो घेतला नसता. पण बाळादादाला राजूशेठने आधीच फोन करून ठेवला होता, आणि बाळादादाने आत्याला सांगून टाकलं होतं. ती वाट बघत असणार. फोनवर खोटा आहे म्हणून सांगण्यापेक्षा समोर दाखवून सांगावं, असं ठरवून मी तसाच बाइकने उमरोळीला गेलो.

आत्या ओट्यावर बसली होती. धुतलेलं लुगडं नेसलेली, समोर सुपात वाल. ऐंशी तिने कधीच ओलांडली होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याने अंधुक दिसायचं. बाळादादा दुकान मुलावर सोडून आला होता.

“या साहेब,” बाळादादा म्हणाला. “आईचे सकाळपासून तीनदा केस विंचरून झाले.”

“तू गप रे,” आत्या म्हणाली. “दिन्या, पानी पी आदी. उन्हाचा आलास.”

मी पाणी प्यायलो. म्हटलं, “आत्या, हा आपला नाही. बनवलेला आहे.”

तिने हात पुढे केला. मी बिल्ला दिला. तिने तो चाचपला, घोड्यावरून अंगठा फिरवला. “घोडा हाय,” म्हणाली.

“घोडा सगळ्यांवर असतो.”

“काठावर काय लिवलाय?”

“वाचण्यासारखं काही नाही गं. पलटणीचं नाव चुकलंय. माणसाचं नाव पण आपलं नाही, भलत्याचंच आहे.”

“वाच तर. मोट्यानं वाच.”

“सिपॉय केरू,” मी वाचलं. “आणि पुढे दादाची मार्था.”

बाळादादा हसला. आत्या हसली नाही. तिचा हात सुपावर तसाच राहिला.

“परत वाच.”

“केरू.”

“तसाच लिवलाय? तू सोताच्या मनाचा नाय बोलत?”

“आत्या, के-ई-आर-यू. केरू. पण हे आपलं—”

“बाला,” ती दादाला म्हणाली, “सुनेला च्या टाकायला सांग. आनि तू इकडं बस.”

मग तिने जे सांगितलं ते त्या दिवसापर्यंत आमच्यापैकी कुणीही ऐकलेलं नव्हतं. पणजोबा गणपत यांना एक थोरला भाऊ होता, केरू. भरतीला गेला होता तो. पालघरला जाऊन अंगठा देऊन आला, आणि निघायच्या आधी घाबरून पळाला. शिपाई घरी आले. आता केरू दिला नाही तर बापाला उचलतील, म्हणून धाकटा गणपत पुढे झाला आणि म्हणाला, मीच केरू. लढाईभर तो केरू होता. हजेरीला केरू, पगाराला केरू. परत आल्यावर गावात पुन्हा गणपत. पण खरा केरू मात्र परत गावात येऊ शकला नाही. सरकारच्या लेखी तो बसऱ्याला होता, गावात दिसला असता तर दोघंही अडकले असते. तो डहाणूकडे जंगलात लाकूडतोडीच्या कामाला गेला, एवढं कळलं होतं. पुढे कुठे मेला, कसा मेला... काही नाही. घरात त्याचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं. न घेता न घेता ते पुसलंच गेलं.

“मी बिल्ला घासत हुते,” आत्या म्हणाली. “आजा बोलला, पोरी, नीट घास, ह्यावर माजा नाव नाय. माज्या भावाचा हाय, केरूचा. कोनाला बोलू नको, सरकार बिल्ला घेऊन जाईल. मी नाय बोलले. तुज्या आतोबांना पन नाय.”

“म्हणजे तुझी खूण...”

“हीच. तूच बोल्लास ना, एक खूण राखून ठेव. मना वेगळी कशाला ठेवायची? हुतीच.”

चहा आला, तो तसाच राहिला.

आता माझी अडचण लक्षात घ्या. माझ्याकडे वस्तू तपासायच्या दोन कसोट्या होत्या. एक, धातू, वजन, अक्षरं. त्या कसोटीने बिल्ला शंभर टक्के खोटा होता, त्यात शंकेला जागा नव्हती. मार्था तर होतीच. दुसरी, आत्याने राखून ठेवलेली खूण, जी तिच्याशिवाय जगात कुणालाच ठाऊक नव्हती. त्या कसोटीने तो खरा होता. आणि ही कसोटी मीच तिला शिकवली होती. याआधी दोनदा तिने ‘गणपत’ ऐकून बिल्ले परत केले होते. आता मागे वळून बघता कळत होतं की ती अगदी बरोबर करत होती.

मी तिच्याशी खोटं बोललो नाही. तिच्यामुळे शिकलो, तिला तरी कसं फसवणार? मी पिवळा ओरखडा तिच्या बऱ्या डोळ्यासमोर धरला. सांगितलं की हे पितळ आहे, अक्षरं आत्ताची आहेत, आणि आज्याने घासायला दिलेला बिल्ला हा नव्हे.

ती म्हणाली, “बरा. नसंल. मंग त्यांना केरूचा नाव कोनी सांगितला?”

मी बिल्ला पुन्हा खिशात टाकला.

“तुला येवडा शिकवला,” ती म्हणाली. रागाने नाही, दमून. “शोद.”

मी शोधलं. दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर थेट बेटेगाव. राजूशेठपुढे बिल्ला ठेवला आणि म्हटलं, आज विधवा नको, खरं सांग. मला भाव करायचा नाही, भांडणही करायचं नाही.

त्याने माझा चेहरा बघितला आणि बहुधा पहिल्यांदाच खरं बोलला. “नकली है साहब. बनवाया है. मुंबई में एक लड़का है, वो मशीन पे नाम डालता है. भाईसाहब का मेसेज मैंने उसको फॉरवर्ड किया, बस.” त्याने मोबाइल काढून मेसेज दाखवला. बाळादादाचाच मेसेज, जसाच्या तसा. सिपॉय गणपत, मार्था पलटण.

“आणि इथे काय आहे, बघ.”

आता त्याने चष्मा लावला. कड फिरवून फिरवून बघितली. “के... केरू,” तो म्हणाला. “ये मैंने नहीं बोला. कसम से.” मग स्पीकरवर त्या कोरणाऱ्याला फोन लावला. पलीकडून वैतागलेला आवाज, “शेठ, मैं पढ़ता भी नहीं हूँ क्या लिखा है. कॉपी-पेस्ट. जो भेजा वही आया.” पाठवण्याआधी त्याने फोटो काढला होता, तो मागवला. फोटोत बिल्ला त्याच्या बोटांत उभा धरलेला. सिपॉय दिसतंय, मार्था पलटण दिसतंय. मधल्या अक्षरांवर नेमकं बोट आलेलं.

आम्ही दोघं बराच वेळ तो फोटो मोठा करून बघत राहिलो. बोटाखालचं काही दिसत नसतं.

“साहब,” राजूशेठ शेवटी म्हणाला, “ऐसा पीस तो फिर महंगा जायेगा.”

“तो माझ्या आत्याकडे राहील.”

“रहने दो,” तो म्हणाला, आणि बिल्ला टेबलावरून माझ्याकडे सरकवला. हात पँटला पुसला. पुढे त्याने या बिल्ल्याचा विषय माझ्याकडे कधी काढला नाही. तलवारी मात्र अजून विकतो.

लॅबच्या साहेबांची परवानगी घेऊन मी कंपनीच्या मशीनवर धातूही तपासला. साधं पितळ, वर चांदीचा पातळ थर. त्यात नवीन काहीच नव्हतं.

वाचणाऱ्यांच्या मनात येईल ते सगळं माझ्याही मनात येऊन गेलंय. केरू हे जुन्या पिढीत सर्रास असणारं नाव, योगायोग असू शकतो. पण ‘गणपत’ कॉपी-पेस्ट केलं तर ‘केरू’ कसं होईल? मोबाइल मराठाचं मार्था करतो, गणपतचं केरू करत नाही. मी करून बघितलं. बाळादादाच्या मोबाइलवर, राजूशेठच्याही. दुसरं म्हणजे, आत्याने कधीतरी, कुणाजवळ तरी बोलून टाकलं असेल आणि विसरली असेल. पण बोलली असती तर उमरोळीत बोलली असती, मुंबईतल्या कोरणाऱ्याकडे नाही. तिसरं, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाही — वय झालं होतं, ‘केरू’ ऐकल्यावर मनानेच गोष्ट जुळवली असेल. हा विचार मी सगळ्यात जास्त केला. पण मग आधी दोनदा स्वतःच्या आज्याचं नाव ऐकून तिने ‘नाय’ का म्हटलं? घरातलं कुणीही ‘गणपत’ ऐकून हरखलं असतं. मीसुद्धा.

आत्याला मी जाऊन सांगितलं, काही सापडलं नाही. ती रागावली नाही. मी परत दिलेला बिल्ला तिने सुपारीच्या डबीत ठेवला. म्हणाली, “त्याचा नाव कुटंच नव्हता रे. ना सातबाऱ्यावर, ना पितरांच्या पानावर. एका बिल्ल्यावर हुता, तो पन मोडीत गेला. आता परत कुटंतरी हाय.” मग जरा थांबून, “तुमच्या घरचा मानूस तो. पितरपाटाला त्याच्या नावाचा घास तू ठेव. माज्या घरात चालनार नाय.”

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे वर लिहिलंच आहे. त्या वर्षी सर्वपित्रीला मी केरूच्या नावाचा घास ठेवला. बायकोने काही विचारलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात आत्या गेली. झोपेतच. दिवसवार झाल्यावर बाळादादा डबी घेऊन बोईसरला आला. “तुजा विषय हाय,” म्हणाला. “आमच्याकडं पोरं खेळायला घेतील.”

संग्रह करणाऱ्यांची एक पद्धत आहे. नक्कल घरात ठेवायची असेल तर तिच्यावर ‘कॉपी’ असा ठसा मारून ठेवायचा. आपण आज आहोत, उद्या नाही. ती वस्तू आपल्यामागे बाजारात गेली तर कुणी फसू नये म्हणून. मी आजवर माझ्याकडच्या प्रत्येक नकलेवर तो मारलेला आहे, आणि तो कडेवरच मारायचा असतो, नावाच्या शेजारी, कारण घेणारा आधी नावच बघतो. एका रविवारी दुपारी मी बिल्ला शिकंज्यात धरला, ठसा कडेवर टेकवला, हातोडी उचलली. आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “एक काय ते ठोका, नाहीतर जेवायला या.”

शेवटी बिल्ला उलटा केला आणि घोड्याच्या पायाखाली, रिकाम्या जागेत ठसा मारला. कडेला हात लावला नाही.

संध्याकाळी बाळादादाचा फोन आला. “मारला का ठप्पा?”

“मारला.”

“म्हंजे खोटा.”

“बिल्ला खोटा.”

“आनि नाव?”

मी म्हटलं, “दादा, नाव खोटं आहे असं म्हणायला माझ्याकडे काही नाही.”

अजूनही नाही.